परग्रहांवर कुणी आहे का? आकाशदर्शनात हमखास विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीतून शनीची कडी बघून झाली, की गप्पा गुरूच्या चंद्रांवरून घसरत घसरत एलियनवर येतातच. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींना लांबलचक उत्तर लागतं, काहींना दोन ओळी पुरतात.

एका वाक्यात सांगा, पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे की नाही?

अजून सापडलेली नाही. आणखी दोन वाक्यांची परवानगी असेल तर सांगतो. सापडेल तेव्हाही कुणी एका सकाळी छातीठोकपणे 'सापडली' म्हणेल असं मला वाटत नाही. आधी 'शक्यता आहे', मग 'बहुधा', मग दहा-वीस वर्षं वादावादी आणि मग कधीतरी शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद, अशा चालीने ती बातमी येईल.

पुरावा नाही, तरी शास्त्रज्ञ 'असणारच' असं का म्हणतात?

मुख्यतः आकड्यांमुळे. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी शोधला. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या यादीतल्या पक्क्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० वर गेली. हे सगळे जवळपासचे. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत. शिवाय कार्बन, पाणी, अमिनो आम्लं हा जीवनाला लागणारा माल विश्वात दुर्मीळ नाही. बेन्नू या लघुग्रहावरून ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये सव्वाशे ग्रॅमच्या आसपास माती आणली. पृथ्वीवरचे जीव प्रथिनं बांधायला जी २० अमिनो आम्लं वापरतात, त्यांपैकी १४ त्या मातीत सापडली. डीएनए आणि आरएनएची पाचही मूळ अक्षरंसुद्धा मिळाली.

पण माल असणं आणि त्यातून जीव उभा राहणं यात फरक आहे. तो टप्पा सोपा की महाकठीण, हे आपल्याला माहीत नाही, कारण उदाहरण एकच: पृथ्वी. आकाशगंगेत आपल्याशी संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती, याचा अंदाज बांधणारं खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांचं १९६१ मधलं प्रसिद्ध समीकरण इथेच अडतं. पहिले दोन-तीन आकडे आता बऱ्यापैकी कळले आहेत. पुढचे आपण मनाने भरतो आणि उत्तर 'आपण एकटेच' पासून 'लाखो संस्कृती' पर्यंत कुठेही नेतो.

माझा कल विचाराल तर सूक्ष्मजीव बऱ्याच ठिकाणी असावेत आणि बोलणारे-चालणारे फारच थोड्या. पृथ्वीवर सूक्ष्मजीवांच्या किमान साडेतीन अब्ज वर्षं जुन्या खुणा मिळतात, म्हणजे ते लवकर आले. डोळ्यांना सहज दिसतील असे प्राणी मात्र गेल्या साठेक कोटी वर्षांतले. एवढा काळ नुसत्या शेवाळासारख्या थरांवर निघाला, तर तिकडेही तसंच असेल असं वाटणं स्वाभाविक आहे.

'जीवसृष्टी सापडली' ही बातमी मी आजवर चार-पाचदा वाचली. पुढे काय झालं त्यांचं?

बहुतेकांचं 'अजून ठरत नाही' असंच झालं. तीन जुनी प्रकरणं बघा.

१९७६ मध्ये व्हायकिंगची दोन यानं मंगळावर उतरली. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मंगळाच्या मातीवर पोषक द्रव शिंपडलं आणि वायू बाहेर पडला. ठरवलेल्या निकषांनुसार हा 'जीव आहे' असाच निकाल होता. पण त्याच यानातल्या दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थच दिसेनात. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट क्षार मिळाले आणि कोडं बरंचसं उलगडलं: ते दुसरं उपकरण माती तापवून तपासत होतं, आणि माती तापवली की हे क्षार सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात. लेव्हिन शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ते पटलं नाही.

१९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या एका उल्केची बातमी झाली. एएलएच-८४००१ हा जेमतेम दोन किलोचा दगड १९८४ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फावर मिळाला होता. त्यात जीवाश्मांसारखे दिसणारे, अळीच्या आकाराचे बारीक कण आणि चुंबकीय स्फटिक आहेत, असं नासाच्या डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी मांडलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर निवेदन केलं. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या जवळजवळ प्रत्येक खुणेला निर्जीव रसायनशास्त्रातून पर्याय मिळाला. पण त्या वादामुळे खगोलजीवशास्त्राला पैसा मिळाला, माणसं मिळाली. चुकीच्या ठरलेल्या दाव्यांतला हा सर्वांत उपयोगी दावा असेल.

तिसरं शुक्राचं. सप्टेंबर २०२० मध्ये जेन ग्रीव्ह्ज यांच्या गटाने शुक्राच्या ढगांत फॉस्फीन वायू असल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू सूक्ष्मजीव तयार करतात, म्हणून खळबळ. नंतर मोजमापातले दोष निघाले, प्रमाणाचा आकडा खाली आला. मुळात फॉस्फीन आहे का, यावर अजून दोन तट आहेत.

आणि ते के२-१८ बी? तिथे तर समुद्राचा वास सापडला म्हणे.

या प्रकरणात जरा खोलात शिरू या, कारण पुढची प्रत्येक बातमी साधारण याच वाटेने येणार आहे.

के२-१८ बी हा सिंह राशीतल्या एका लाल बटू ताऱ्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी मारणारा ग्रह. अंतर १२४ प्रकाशवर्षं, वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठ पटींहून किंचित जास्त. त्याचा फोटो काढता येत नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश साधारण ०.३ टक्क्यांनी घटतो. ग्रहाला वातावरण असेल तर त्यातून गाळून येणाऱ्या प्रकाशात काही रंग आणखी किंचित कमी पडतात, आणि कोणते रंग कमी पडले यावरून वायू ओळखायचे. म्हणजे आधीच बारीक असलेल्या घटीतली आणखी बारीक घट मोजायची. जेम्स वेब दुर्बीण हे करते, हाच मुळात चमत्कार म्हणायला हवा.

केंब्रिजमधले निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवले. ते बऱ्यापैकी टिकून आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन डायमिथिल सल्फाइड किंवा त्याच्या भावंडासारख्या एका वायूच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. हा वायू पृथ्वीवर प्रामुख्याने समुद्रातले वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसारखे जीव, सोडतात. वेंगुर्ल्याच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहिल्यावर नाकात भरतो त्या वासात याचा वाटा असतो. कोबी शिजताना येणाऱ्या वासातही तो असतो. मग काय, जगभर मथळे झळकले.

आता त्यातली मेख. निकालाची खात्री 'तीन सिग्मा' होती. म्हणजे तसा वायू नसतानाही निव्वळ योगायोगाने असा आकडा दिसण्याची शक्यता ०.३ टक्के. अनेकांनी याचा अर्थ '९९.७ टक्के जीवसृष्टी' असा लावला, तो साफ चुकीचा आहे. पहिली गोष्ट, या क्षेत्रात शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात. दुसरी, इतर गटांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतीने तपासले तेव्हा त्यांना त्या वायूची खूण ठामपणे दिसली नाही. काहींच्या मते सरळ रेघही त्या आकड्यांना तितकीच चपखल बसते. तिसरी, वायू खरोखर असला तरी तो जिवंत वस्तूनेच सोडला हे कशावरून? हेच डायमिथिल सल्फाइड ६७पी या धूमकेतूवर सापडलं आहे आणि प्रयोगशाळेत कुठल्याही जिवाशिवाय बनवूनही झालं आहे. चौथी, ग्रहावर महासागर आहे, असं धरून हे सगळं चाललं होतं. त्यावरही एकमत नाही.

एवढं असूनही मधुसूदन यांनी काही गैर केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी आकडा जाहीर केला, आणखी निरीक्षणं हवीत हेही सांगितलं. घाई मथळ्यांनी केली.

मंगळावरच्या ठिपक्यांच्या दगडाबद्दल काय?

सध्या माझ्या मते सर्वांत वजनदार धागा हाच. नासाच्या मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स गाडीला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराजवळच्या कोरड्या नदीपात्रात साधारण मीटरभर लांबीचा तांबूस दगड मिळाला. त्यावर बारीक काळपट कडांचे फिकट ठिपके आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना बिबट्याचे ठिपकेच नाव दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये तपशील आले. कडांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड, सोबत सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर अशी जोडी चिखलात, सूक्ष्मजीव लोह आणि गंधक वापरून जगतात तिथे तयार होते. जिवाशिवाय व्हायची तर बहुधा बरीच उष्णता लागते आणि हा दगड तापल्याच्या खुणा दिसत नाहीत.

नासाने याला 'संभाव्य जैविक खूण' म्हटलं, त्यापलीकडे एक शब्द नाही. दगडाचा नमुना नळीत बंद करून ठेवलेला आहे. तो पृथ्वीवर आणायची मोहीम पैशांअभावी रखडली आहे, याचं वाईट वाटतं. दरम्यान चीनची त्यानवेन-३ मोहीम २०२८ मध्ये निघून मंगळाची माती आणायच्या बेतात आहे, अर्थात दुसऱ्या जागेवरून.

मंगळ सोडून आणखी कुठे शोधतायत?

बर्फाळ चंद्रांवर. शनीचा एन्सेलॅडस जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा आहे, पण त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याचे फवारे अवकाशात उडतात. कॅसिनी यानाने २००५ मध्ये ते टिपले आणि नंतर त्यांतून थेट उड्डाणही केलं. मीठ, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेलं फॉस्फेट, हे सगळं त्या फवाऱ्यांतून आलं. खोदायचीसुद्धा गरज नाही. समुद्रच बाहेर येऊन नमुना देतोय. मला निवडायला सांगितलं तर पुढची मोठी मोहीम मी डोळे झाकून तिथे पाठवेन.

गुरूच्या युरोपाकडे नासाचं युरोपा क्लिपर ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं असून ते एप्रिल २०३० मध्ये पोचेल. शनीच्या टायटन या चंद्रावर ड्रोनसारखं उडणारं ड्रॅगनफ्लाय २०३४ च्या सुमारास उतरायचं आहे.

महाराष्ट्रात या विषयाचं काही काम होतं का, की सगळं अमेरिकेतच?

होतं की. आणि नुसतं अभिमानाने सांगण्यापुरतं नाही.

बुलढाण्याचं लोणार घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे आघातविवर बेसाल्ट खडकात आहे. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचाच, आणि पृथ्वीवर बेसाल्टमधली चांगली टिकलेली विवरं अगदी मोजकी. त्यामुळे मंगळावरच्या विवरांतले खडक समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात. तळ्याचं पाणी खारट आणि विम्लधर्मी, तरी ते सूक्ष्मजीवांनी भरलेलं. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आठवत असेलच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं: मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. ज्या पाण्यात मासा तग धरणार नाही तिथे हे मजेत राहतात. जीवसृष्टी कुठे असू शकते याच्या आपल्या कल्पना अशाच जिवांनी ताणून मोठ्या केल्या आहेत.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तिचं मुख्य काम दीर्घिका, पल्सार, हायड्रोजन यांचा अभ्यास. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश खोडदला ऐकला जात होता. उतरण्याच्या थोडं आधी तो बंद पडला. यान कोसळलं होतं.

आणि जयंत नारळीकर. जीवाची बीजं अवकाशातून पृथ्वीवर येत असतील का, हा प्रश्न त्यांनी चर्चेत न ठेवता प्रयोगाला लावला. हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत पकडली. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या आणि अतिनील किरणांना त्या चांगल्याच चिवट निघाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव दिलं. इस्रोने २००९ मध्ये हे जाहीर करताना, यावरून ते जीव बाहेरूनच आले असं सिद्ध होत नाही, हेही त्याच दमात सांगितलं. दावा कसा करावा याचा हा वस्तुपाठ.

उडत्या तबकड्या?

नासाच्या स्वतंत्र समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये आणि पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, खास कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिले. परग्रहवासीयांचा पुरावा दोघांनाही मिळाला नाही. काही घटना अनुत्तरित आहेत, पण त्या प्रामुख्याने माहिती अपुरी असल्यामुळे. आपल्याकडे रात्री एका रेषेत सरकणारे दिवे दिसले तर आधी स्टारलिंकच्या उपग्रहांचं वेळापत्रक बघावं.

३आय/ॲटलस हे यान होतं असं एक हार्वर्डचे प्राध्यापक म्हणतात ना?

धूमकेतू आहे. १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या दुर्बिणीला दिसला, सूर्यमालेबाहेरून आलेली ही तिसरी ज्ञात वस्तू. वायू सोडतो, धूळ सोडतो, धूमकेतूला शोभेल तसंच सगळं करतो. अवी लोब यांनी शंका काढली, तो त्यांचा हक्क. पण शंका काढणारा हार्वर्डचा आहे हा काही पुरावा होत नाही. खरं तर दुसऱ्या ताऱ्याजवळ घडलेला बर्फाचा गोळा घरबसल्या अभ्यासायला मिळाला, यापेक्षा मोठी बातमी काय हवी होती?

रेडिओवरून कधी काही ऐकू आलंय?

संशयास्पद बरंच, खात्रीचं काही नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदाला ठोका देणारा संदेश मिळाला. गमतीने त्याला 'छोटी हिरवी माणसं' नाव पडलं. तो निघाला पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा दणदणीत संदेश टिपला, जेरी एहमन यांनी छापील कागदावर त्याच्या शेजारी 'वॉव' लिहिलं. तो परत कधीच आला नाही आणि त्यामुळे त्याचं काहीच करता येत नाही.

माझी आवडती गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीची. तिथे अनेक वर्षं अधूनमधून गूढ रेडिओ लहरी मिळत. २०१५ मध्ये गुन्हेगार सापडला: वेधशाळेतला मायक्रोवेव्ह ओव्हन. कुणीतरी तो बंद व्हायच्या आधीच दार उघडत असे.

एवढे ग्रह आहेत तर मग अजून कुणी आलं का नाही?

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला जेवताना नेमका हाच प्रश्न टाकला होता. उत्तरं डझनावारी आहेत: अंतरं फार, संस्कृती लवकर संपतात, त्यांना रस नाही, ते नाहीतच. मला मात्र वाटतं, आपण अजून नीट बघितलेलंच नाही. परग्रहांवरून येणारे संदेश शोधणाऱ्या जिल टार्टर यांनी याचं उत्तम मोजमाप दिलं होतं: आजवरचा शोध म्हणजे महासागरातून एक ग्लास पाणी काढून त्यात मासा आहे का बघणं. मासा नाही मिळाला म्हणून समुद्र रिकामा ठरत नाही.

आपण संदेश पाठवावेत का? धोका नाही का त्यात?

पाठवून झाले आहेत. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून १,६७९ बिटांचा संदेश एम-१३ तारकागुच्छाकडे गेला. तो पोचायलाच २५ हजार वर्षं, उत्तर यायला तेवढीच. पाठवणारी दुर्बीण मात्र २०२० मध्ये कोसळून गेली.

व्हॉयेजर यानांवरच्या दोन ध्वनिमुद्रित तबकड्या जास्त लोभस आहेत. १९७७ मध्ये निघालेल्या त्या यानांवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यात मराठीही आहे, पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा पोचवणारी. आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. बीथोव्हन आणि बाख यांच्या पंक्तीला. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला सुटलं. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. आपलं गाणं कुठे निघालंय याची त्यांना कितपत कल्पना होती कोण जाणे. चाळीसेक हजार वर्षांनी ते यान एका ताऱ्यापासून दीड-पावणेदोन प्रकाशवर्षं अंतरावरून जाईल. वाटेत कुणी उचलेल ही आशा कमीच, पण काय पाठवायचं हे ठरवायला माणसं एकत्र बसली, एवढं तरी झालं.

धोक्याचं म्हणाल, तर मुद्दाम जोरदार संदेश पाठवण्याला अनेक शास्त्रज्ञांचा विरोध आहे आणि तो मला रास्त वाटतो. साऱ्या पृथ्वीच्या वतीने बोलायचा अधिकार कुणा एका वेधशाळेला कुणी दिला?

खरंच काही सापडलं तर सरकार लपवेल का?

लपवणं अवघडच. १९८९ पासून या क्षेत्रातल्या संस्थांची एक आचारसंहिता आहे: आधी इतरांकडून खातरजमा, मग सर्वांना माहिती, आणि सल्लामसलतीशिवाय उत्तर पाठवायचं नाही. तिला कायद्याचं बळ नाही. पण खातरजमेसाठी वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणी लागतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात शेकडो लोकांना कळणार. २०२० मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याकडून आल्यासारखा एक संदेश तपासात असतानाच वर्तमानपत्रात फुटला. शेवटी तो पृथ्वीवरचाच गोंगाट ठरला. खरी भीती लपवाछपवीची नाही, अर्धवट बातमी आधी बाहेर पडण्याची आहे.

म्हणूनच नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. पहिली पायरी नुसती खूण दिसणं, सातवी म्हणजे स्वतंत्र निरीक्षणांनी शिक्कामोर्तब. बातमी वाचताना 'हे कितव्या पायरीवर आहे?' एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

लोक घाबरतील का? देवाधर्माचं काय होईल?

सूक्ष्मजीव सापडले तर कुणी घाबरणार नाही, असा माझा अंदाज. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्वतः निवेदन केलं तेव्हाही लोक दुसऱ्या दिवशी कामावर गेले. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या मायकेल व्हार्नम यांच्या गटाने २०१८ मध्ये अशा बातम्यांवरच्या प्रतिक्रिया अभ्यासल्या. त्यात भीतीपेक्षा आनंदाचा सूर जास्त होता. अर्थात तो अमेरिकेतला अभ्यास होता, आणि सूक्ष्मजिवांविषयी. हुशार परग्रहवासी समोर आले तर काय, याचं उत्तर त्यातून काढू नये.

धर्मांचं म्हणाल तर ते आपल्या अंदाजापेक्षा लवचीक असतात. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे संचालक होसे गाब्रिएल फुनेस यांनी २००८ मध्येच, परग्रहावरचे जीवही देवाचीच लेकरं मानायला हरकत नाही, अशा अर्थाचं सांगून टाकलं. आपल्याकडे तर रोजच्या जयघोषातच 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' आहे. एका ब्रह्मांडातल्या चार जंतूंनी त्याला काय धक्का बसणार? मात्र 'हे तर आमच्या ग्रंथांत आधीच लिहिलंय' म्हणणाऱ्यांचा पूर येईल, त्याची तयारी ठेवा.

तिकडचे जंतू इकडे येऊन रोगराई पसरली तर?

शक्यता फार कमी, पण शून्य धरून चालत नाहीत. अपोलो-११ च्या अंतराळवीरांना तीन आठवडे विलगीकरणात ठेवलं होतं. मंगळाचे नमुने आणायचे तर घातक विषाणूंसाठी असते तशी कडेकोट प्रयोगशाळा लागेल.

उलट दिशेचा धोका जास्त खरा आहे: आपले जंतू तिकडे. १९६७ च्या अंतराळ करारातच दुसरे ग्रह दूषित करू नका असं कलम आहे. इंधन संपत आलं तेव्हा कॅसिनीला १५ सप्टेंबर २०१७ रोजी मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळलं, ते ती भरकटून एन्सेलॅडसवर आदळू नये म्हणून. उद्या तिथे जिवाणू सापडला आणि तो आपलाच निघाला, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. खासगी कंपन्या मंगळावर माणसं न्यायच्या गोष्टी करतात तेव्हा हा मुद्दा सोयीस्करपणे बाजूला पडतो. माणूस कितीही धुतला तरी निर्जंतुक होत नाही.

सापडलं तरी माझ्या आयुष्यात काय फरक पडणार आहे?

दुसऱ्या दिवशी काही नाही. दुधाचा भाव तोच राहील. पण जीवशास्त्राचा पाया हलेल, आणि त्यातून औषधांपासून शेतीपर्यंत काय निघेल सांगता येत नाही.

आज आपल्याला माहीत असलेला प्रत्येक जीव एकाच कुळातला आहे. हळदीचं रोप, डास, तुम्ही, लोणारचे हॅलोआर्किया: सगळ्यांत तोच डीएनए, जवळजवळ तीच संकेतलिपी, प्रथिनांत तीच डाव्या हाताची अमिनो आम्लं. (या रेणूंची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं.) रसायनशास्त्राला डावं-उजवं सारखंच. बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळपास समसमान निघाली. मग जीवाने डावीच का उचलली? योगायोग की सक्ती? एका उदाहरणावरून हे कधीच कळणार नाही.

आता समजा मंगळावर जीव मिळाला आणि त्यातही डीएनए, तीच लिपी. मग तो बहुधा आपला भाऊबंद. मंगळाचे शेकडो दगड पृथ्वीवर मिळाले आहेत. त्यांतल्या एखाद्यावर बसून जीव तिकडून इकडे आला असेल आणि आपणच मूळचे मंगळाचे असू. गंमत मोठी, पण जीव दोनदा निर्माण झाला असं त्यातून सिद्ध होणार नाही.

एन्सेलॅडससारख्या दूरच्या ठिकाणी उजव्या हाताची अमिनो आम्लं वापरणारा, वेगळ्याच लिपीचा जीव मिळाला, तर प्रकरण निराळं. एकाच सूर्याभोवती जीव दोनदा, स्वतंत्रपणे उगवला असेल तर ब्रह्मांडात तो जागोजागी असणार. त्या एका नळीभर पाण्याने ड्रेक समीकरणातली सर्वांत अवघड जागा भरली जाईल. बोलणारे परग्रहवासी कधीच भेटले नाहीत तरी चालेल. हे मला त्याहून मोठं वाटतं.

माझ्या मुलीला या क्षेत्रात जायचंय. काय शिकवू?

'खगोलजीवशास्त्र' असं लिहिलेल्या पदवीच्या मागे लागू नका. आधी एखादा विषय पक्का करा: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र. शिवाय आकडेवारी आणि प्रोग्रॅमिंग. के२-१८ बी चा सगळा वाद शेवटी आकडेवारीचाच आहे. पदवीसाठी पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. पुढच्या संशोधनासाठी पुण्यातच आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था, मुंबईला टीआयएफआर ही टाटा मूलभूत संशोधन संस्था. भूशास्त्राकडे आपल्याकडे मुलं कमी वळतात, आणि नेमकी तीच माणसं पुढच्या काळात लागणार आहेत, कारण दगड वाचता येणारेच मंगळाच्या ठिपक्यांचा निकाल लावतील.

शाळेत असेल तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिला खोडदला घेऊन जा. त्या दिवसांत जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, आसपासच्या शाळांची मुलं प्रयोग मांडतात. जाण्याआधी त्या वर्षीची तारीख संकेतस्थळावर बघून घ्या, आणि तबकड्यांजवळ मोबाइल बंद ठेवा.